मुकणे, दुपारी तीननंतर

नाशिकला समुद्र नाही, हे मला माहीत आहे.
तरी दरवेळी कोणीतरी सांगतंच.
वाडीवऱ्ह्याच्या टपरीवर पोरगा
गाडीच्या टपाकडे बघत विचारतो,
"मॅडम, हे दार कुठं बसवायचंय?"
पाण्यावर, मी म्हणते.
तो चहात साखर जास्त घालतो,
वेड्या माणसाला घालतात तशी.

मेमध्ये धरण निम्मं उतरतं.
मागच्या बाजूला, जिथे सहलीच्या बस येत नाहीत,
तिथे भेगाळलेला गाळ, शेळ्यांच्या लेंड्या,
आणि काळे खडक,
म्हशी बसल्यासारखे, पाठी तेवढ्या वर.

दोनपर्यंत पाणी ताटातल्या वरणासारखं.
मी गाडीच्या सावलीत डबा उघडते,
डोलकाठी जोडते, शीड ताणते.
गोव्यातून आणलेलं सेकंडहँड शीड,
त्यावर आधीच्या मालकाचं नाव, अर्धं पुसलेलं,
उरलंय फक्त "…न्सो".

मग घाटाखालून तो येतो.
आधी पलीकडच्या काठाचा रंग बदलतो,
मग लव्हाळी एका अंगावर झोपतात,
मग कानात.
वारा मी बघत नाही, ऐकतही नाही,
तळहातांनी मोजते,
सातपूरला शाफ्ट मोजते तशी,
मिलिमीटरच्या आत.

बोर्ड आधी कुरकुरतो, मग सुटतो.
सुटला की पाणी टणक होतं,
लाटा टाचांखाली
खडखड, खडखड,
बैलगाडीतून उतारावर जावं तसं.
पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघे बोलतात.
बोलू देत.

त्या दिवशी खडक दिसला नाही.
दिसतो तो खडक नाहीच, म्हणा,
जो लागतो तो.
कट्ट आवाज झाला, मी शिडावरून पुढे,
तोंडात मुकण्याचं अर्धा लिटर,
वर आले तर फिन नाही.
मी त्याच खडकावर उभी राहिले, कमरेइतक्या पाण्यात,
लाटा येऊन पोटावर थापट्या मारत होत्या.

थर्माकोलच्या तराफ्यावर चांगुणाबाई आगिवले
जाळं ओढत होती, तिलापियाचं.
तिने आधी जाळं पुरतं ओढलं.
मग म्हणाली,
"फाळ मोडला का?"

फाळ.
मी चार वर्षं त्याला फिन म्हणत होते.

"त्या तिथं नांगर नव्हताच घालीत कोणी," ती म्हणाली,
"माझ्या सासऱ्याचे दोन मोडले.
तू उभी हायेस ना, ती खादाड.
ही पलीकडची झोडपी, तिच्यावर भात झोडायचो.
ते दोन जवळजवळ, ते सवती,
मधून गेलीस तर कातडं निघंल.
आणि ती चपटी, लांब,
तिच्यावर माझी सून… नाही, ते राहू दे."

ते मी राहू दिलं.
तिने मला तराफ्यामागे बांधून काठाला आणलं,
बोर्ड, शीड, मी,
आणि वाटेत एकदाही विचारलं नाही
की हे सगळं कशासाठी.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत
फायबरच्या शीटमधून तीन फिन कापल्या.
मशीनवरचा इरफान म्हणाला, कसला पार्ट आहे?
मी म्हटलं, फाळ.
त्याने ड्रॉइंगवर तसंच लिहिलं.

आता मी नावांनी जाते.
झोडपीच्या उजवीकडून वारा धरायचा,
सवती दुरून,
चपटीजवळ शीड थोडं सैल सोडायचं,
का ते सांगता येणार नाही.

खादाडीच्या पाठीवर एक पांढरा ओरखडा आहे,
माझा.
त्याच्या बाजूला दोन जुने, खोल,
एकाच दिशेने गेलेले.
पाणी खूप उतरलं की दिसतात तिन्ही.
परवा मी तिथे बोर्ड थांबवून
अंगठा फिरवून पाहिला.
सासऱ्यांचा हात माझ्यापेक्षा जड होता.

तेवढ्यात शिडात वारा भरला.